फियाटची पुढची काच

अजाबराव गावंड्यांच्या फियाटची पुढची काच वानराने फोडली, हे बोरी अरब गावात सगळ्यांना माहीत होतं. तसलीच दुसरी कोरी काच त्यांच्या धाकट्या भावाच्या, गुणवंताच्या गुरांच्या कोठ्यात पडून आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. आणि हे दोघं भाऊ चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे उन्हाळ्यापासून गाडी अंगणात ताडपत्री पांघरून उभी होती आणि अजाबराव यवतमाळला एसटीने जात होते.

वानराचा तसा काही दोष नव्हता. कडुनिंबावरून कौलावर जायचा त्यांच्या टोळीचा रोजचा रस्ता. त्या दिवशी एका दांडग्या हुप्प्याचा अंदाज चुकला आणि तो थेट गाडीच्या काचेवर आला. काचेचा साबुदाण्याएवढा चुरा झाला. वानर घाबरून जे पळालं ते आठ दिवस त्या गल्लीत फिरकलं नाही. अजाबराव मात्र पुढचा महिनाभर प्रत्येक वानराकडे ओळख पटवल्यासारखं पाहत होते.

त्यांनी यवतमाळ पालथं घातलं, अमरावती पालथी घातली. नागपूरला एका जुन्या दुकानात काचेभोवतीचं रबर मिळालं, तेही नशिबाने. काच कुठेच नव्हती. दुकानदार गाडीचं साल ऐकून आधी हसायचे आणि मग, समोर वयस्क माणूस आहे हे लक्षात येऊन, चहा विचारायचे.

कोठ्यातली काच मागावी, हे विमलताई नवऱ्याला सुचवून थकल्या होत्या. 

"त्याची हाय थे. वाटनीत त्याले गेली," अजाबराव म्हणायचे, आणि पेपर तोंडासमोर धरायचे. पेपर कालचा असला तरी.

त्या वाटणीची तऱ्हाच तशी होती. या दोघांच्या वडलांना, बापूजींना, कुठलीही वस्तू एकाची दोन घ्यायची खोड होती. छत्र्या दोन, टॉर्च दोन, अडकित्ते दोन. मुलगेही दोन, आणि दोघेही एकाच वाणाचे हट्टी. एका जिनिंगवाल्याकडून त्यांनी ही जुनी फियाट घेतली, तेव्हा पुढची काचही एक जास्तीची आणून ठेवली. बापूजी गेल्यावर गावातली चार मोठी माणसं बसली आणि निवाडा झाला: घर, अंगण आणि तिथे जे असेल ते थोरल्याचं, कोठा, वावराकडची जागा आणि तिथे जे असेल ते धाकट्याचं. गाडी अंगणात होती. काच कोठ्यात होती. दुसरं कोणतंही घर असतं तर काच उचलून गाडीत टाकली असती आणि विषय संपला असता. गावंडे मंडळींनी मात्र निवाडा अक्षरशः पाळला. अंगणातला बैलांचा कडबासुद्धा थोरल्याकडे राहिला, आणि थोरल्याकडे बैलच नव्हते.

खरं बिनसलं ते त्याच दिवशी, एका वाक्याने. गुणवंत एवढंच म्हणाला होता, की बापूजींची गाडी मी चालवत होतो, त्यांना दवाखान्यात मी नेत होतो, गाडी मला राहू द्या. त्यावर अजाबराव चार माणसांत बोलून गेले, "चालवनारा डायव्हर असते, मालक नसते."

वाक्य तोंडातून निघालं आणि अजाबरावांना तेव्हाच कळलं, की आपण काहीतरी भलतंच बोललो. पण ते मोठे होते. मोठ्या माणसाने माफी कशी मागायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गुणवंत उठून गेला, कोठ्याशेजारी दोन खोल्या बांधून राहिला, आणि तेव्हापासून एकाच चहाच्या टपरीवर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. टपरीवाल्याने त्यांच्यासाठी बाकंसुद्धा तशीच लावली होती.

तर पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारची भाकर खाऊन अजाबराव ओट्यावर बसले होते, तेव्हा फाटकातून गुणवंताची बैलगाडी आत आली. गावात तिला बंडी म्हणतात. बंडीत कडब्याचा थर होता, आणि कडब्यावर गोधडीत गुंडाळलेलं, लांबट, काहीतरी जपून ठेवलेलं होतं. ते काय असेल हे अजाबरावांना पाहताक्षणी कळलं.

गुणवंत खाली उतरला. भावापासून तो चार हातांवर उभा होता, पण बोलला घराच्या दाराकडे पाहून.

"वयनी, हे काच कोठ्यात जागा अडवून राह्यली. भाऊले पायजे असन तं ठेवा म्हना. नसन तं वापस नेतो."

विमलताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा जरा जास्तच भोळा दिसत होता. मंगळवारच्या बाजारात त्यांनी जावेला, रुखमाला, गाठून वानराची सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली होती, आणि अजाबराव रात्री उठून ताडपत्री नीट करतात हेही सांगितलं होतं. पण ते त्या दोघींतलं. 

"ऐकलं का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भाऊजी इचारून राह्यले."

"ठेवा म्हना," अजाबराव म्हणाले. "आन चहा घ्या म्हना."

"चहा नको म्हना. सांजच्याले खांदमळनी हाय, बैल धुवाचे हायेत."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, ती खांदमळणी. घरच्या मालकानेच ती करायची असते. म्हणजे गुणवंत फार वेळ थांबणार नव्हता. अजाबरावांनी घाईघाईने फोन काढला आणि यवतमाळच्या संघदीपला लावला. संघदीप गाड्यांच्या काचा बसवायचा. जुन्या गाड्यांचं काम त्याच्याइतकं कुणी करत नसे. तिकडून सिमेंट कालवायच्या मशीनचा घरघराट आला.

"काका, मी बाभुळगावले हाओ, बयनीच्या घरी," संघदीप ओरडून म्हणाला. "आज सलाप टाकून राह्यलो. परवा येतो ना. काचेले हात नका लावू तवरोक."

अजाबरावांनी फोन खिशात टाकला. परवा. आज गुणवंत आपल्या पायाने अंगणात आला होता, चार वर्षांत पहिल्यांदा. काच टेकवून तो आत्ता निघून जाईल, परवा संघदीप येईल, काच बसवेल, आणि गुणवंताला परत या अंगणात यायचं कारणच उरणार नाही. कोठ्यात काही तिसरी काच नव्हती.

"काय म्हनला?" विमलताईंनी विचारलं.

"म्हनला, सोपं काम हाय," अजाबराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी काचेला फडकं मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं. "दोन मानसं पायजे फक्त. एक बाहेरून दाबाले, एक अंदरून दोरी वढाले."

गुणवंताने बैल सोडून कडुनिंबाला बांधले. बैल सोडले म्हणजे माणूस थांबणार, हे अजाबरावांना कळत होतं, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की ते उगीचच दोनदा घरात जाऊन आले.

दोरीची गोष्ट त्यांना माहीत होती ती मोबाइलवर पाहून. रबर मिळाल्यापासून त्यांनी तसले व्हिडिओ पाहण्याचा सपाटा लावला होता, बराचसा भाग पळवत पळवत. काचेच्या कडेने आधी रबर चढवायचं. रबराची दुसरी खाच गाडीच्या पत्र्यावर बसते. त्या खाचेत गोल फिरवून दोरी घालायची, दोरीची टोकं गाडीच्या आत सोडायची. मग एकाने बाहेरून काच दाबत राहायची आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत येतो. रबराला आणखी एक तिसरी खाच होती, बाहेरच्या अंगाला. ती कशासाठी, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.

"वयनी, सुतळी नाई चालनार म्हना, खरखरीत असते. रबर कापन," गुणवंत म्हणाला.

"मंग काय पायजे म्हना त्याले," अजाबराव म्हणाले.

विमलताईंनी आतून परकराच्या नाड्याचं कोरं बंडल आणून दोघांच्या मध्ये ठेवलं. "हे घ्या. आन मी काही पोस्टमन नाई. मले पुरनाची डाळ शिजवाची हाय."

असं म्हणून त्या आत गेल्या, आणि दोघं भाऊ एका काचेच्या दोन बाजूंना एकटे राहिले. मग त्यांनी काचेशी बोलायला सुरुवात केली. 

"जरा उचलाव लागन," गुणवंत काचेला म्हणाला. 

"उचलली," अजाबरावांनी काचेला सांगितलं.

रबर उन्हात ठेवून नरम झालं होतं. अजाबराव तेलाची बाटली घेऊन आले, तेव्हा गुणवंत काचेकडे पाहत म्हणाला, की तेलानं रबर फुगते, साबण पायजे. अजाबरावांना राग आला, कारण ते खरं वाटत होतं. बादलीत साबणाचं पाणी झालं. काच गोधडीवर ठेवून दोघांनी तिच्याभोवती रबर चढवलं. एका कोपऱ्यात बसवलं की दुसऱ्या कोपऱ्यातून निघायचं. गुणवंताने शेवटी तो कोपरा गुडघ्याने दाबून धरला, जसा तो लहानपणी मांजराच्या पिलाला दूध पाजताना धरायचा. अजाबरावांना ते आठवलं, पण काचेला सांगण्यासारखं ते नव्हतं.

नाडा खाचेत गेला. काच उचलण्याआधी मात्र अजाबरावांनी दोन्ही तळवे गोधडीला दोनदा पुसले. ही काच म्हणजे कडेला ठोका बसला की अख्खी चुरा होणारी जात, हे वानराने दाखवून दिलं होतं. आणि ती फुटली तर नुसती काच फुटणार नव्हती. लोक म्हणणार, भावाने काच दिली आणि याने फोडली. गुणवंत गोधडी झटकून बंडीत टाकेल आणि जाईल. परत येण्यासाठी त्याच्याजवळ दुसरं निमित्त नाही. अजाबरावांच्या मनात हे इतकं स्पष्ट होतं, की त्यांनी काच नाही, तर तो निमित्ताचा शेवटचा तुकडाच दोन्ही हातांनी धरला होता.

गुणवंत आत बसला, अजाबराव बाहेर बोनेटवर वाकले. काच चौकटीत टेकली. आतून नाडा हळूहळू निघू लागला, बाहेरून अजाबराव तळव्याने काच थोपटत गेले. रबराचा ओठ पत्र्यावर चढत गेला. खालची बाजू, मग डावी, मग वरची. मधे काच आणि दोन्ही बाजूंना दोन भाऊ, एकमेकांच्या तोंडासमोर तोंड. इतक्या जवळून गुणवंताला त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मिशी पांढरी झाली होती पठ्ठ्याची.

शेवटचा नाडा निघाला. काच बसली. अजाबराव मागे सरले आणि त्यांनी सुस्कारा सोडला. आपण हे केलं, यावर त्यांचा विश्वास बसेना. गुणवंत बाहेर आला, त्यानेही गाडीला एक चक्कर मारली. दोघांच्या चेहऱ्यावर परीक्षेत कॉपी न करता पास झालेल्या पोराचा भाव होता.

तेवढ्यात विमलताई चहा घेऊन आल्या. त्यांनी काच पाहिली, छान म्हटलं, आणि भिंतीकडे बोट केलं.

"आन थे चमकती पट्टी कुठची हाय?"

भिंतीला टेकून स्टीलच्या दोन लांब वाकड्या पट्ट्या उभ्या होत्या. काचेच्या रबरातच बसणारी ती चकचकीत कड. अजाबरावांनी स्वतः चिंच लावून घासून ठेवली होती. आता रबराची ती तिसरी खाच दोघांनाही एकदम दिसली.

अजाबरावांनी पट्टीचं टोक खाचेत घालून पाहिलं. खाच चिमटून बंद झाली होती; पट्टी घसरून बाहेर यायची. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, पण काचेच्या कडेपाशी लोखंड नेताना गुणवंताने घशातून असा आवाज काढला, की त्यांनी तो खाली ठेवून दिला. फोन परत बाभुळगावला लागला. स्पीकर चालू होता, त्यामुळे संघदीपचं हसू अख्ख्या अंगणाने ऐकलं.

"आधी पट्टी, मंग काच, काका! काच खाली असतानीच पट्टी घालाची असते. आता काच बसली म्हंजे रबर आवळलं. नाई जात आता थे."

"पट्टीबिगर चालते का?" अजाबरावांनी विचारलं.

"दिसाले चालते. पन पट्टीनंच रबर टाइट राहते. खड्ड्यात गाडी आदळली का काच सुटून मांडीवर येईन तुमच्या. काढा लागन. म्हनूनच म्हनलं होतं ना मी, हात नका लावू म्हून."

फोन बंद झाला. हात नका लावू, हे शब्द अंगणात तसेच राहिले. सोपं काम आहे, असं अजाबरावांनी सांगितलं होतं. गुणवंत त्यांच्याकडे पाहत होता, आता काचेकडे नाही. अजाबरावांनी मान खाली घातली. लहान मुलासारखं पकडलं गेल्याची लाज वाटत होती, आणि वर भीती, की आता हा बैल सोडणार आणि जाणार.

गुणवंताचा फोन वाजला. रुखमा होती, तिचा आवाज लांबूनही ऐकू येत होता. बैल धुवाचे कवा, दिवस जाऊन राह्यला, तुमी हायेत कुठी?

"येतो," गुणवंत म्हणाला. फोन खिशात घातला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि परत गाडीत जाऊन बसला.

चपला काढून बसलेल्या भावाकडे ते पाहतच राहिले.

काच काढणं हे बसवण्याहून वाईट काम. गुणवंताने आतून लाकडी चमच्याच्या दांड्याने रबराचा ओठ वरच्या बाजूने थोडा थोडा सोडवला. वीतभर सुटला की आधीचा परत बसायचा. मग तो सीटवर आडवा झाला, पाय वर केले आणि दोन्ही तळवे काचेच्या वरच्या भागाला टेकवले. हळूच रेटायचं, काच सुटली की बाहेरच्याने झेलायची. जोर कमी पडला तर काच हलत नाही आणि जास्त झाला तर राहत नाही. अजाबराव बोनेटवर पसरून दोन्ही हात पुढे करून तयार राहिले. विमलताई ओट्यावर उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या, आणि त्यांची डाळ आत उतू जात होती.

गुणवंताने रेटलं. काही नाही. आणखी रेटलं. रबर कुरकुरलं. त्याच्या कपाळाची शीर फुगली.

"टक्!"

आवाज स्वच्छ, कोरडा. सगळे थिजले. अजाबरावांचे डोळे आपोआप मिटले. झालं, असं त्यांना वाटलं; आता सगळं सांडेल, साबुदाणा होऊन. त्यांनी वाट पाहिली. काहीच सांडलं नाही. एक डोळा उघडला. काच जिथल्या तिथे होती, अखंड, आणि तिच्याआड गुणवंत तोंड वाकडं करून पडला होता.

"काच नाई," तो आतून म्हणाला. "गुडघा वाजला माहा."

विमलताई आधी हसल्या. मग गुणवंत हसला, पाय काचेला लावलेल्या अवस्थेतच. अजाबराव हसू लागले तर त्यांना थांबता येईना. पण हसण्याने गुणवंताचे पाय हलले, वरचं रबर सपकन सुटलं आणि काच बाहेर झुकली.

"भाऊ, धर!" गुणवंत ओरडला.

अजाबरावांनी धरली. छातीशी, दोन्ही हातांनी, गाल काचेला चिकटवून. पडू दिली नाही. विमलताई धावत आल्या, गुणवंत दारातून अर्धा रांगत आला, आणि तिघांनी मिळून ती गोधडीवर आडवी ठेवली. अजाबराव बंडीच्या चाकाला टेकून खाली बसले. भाऊ, धर. चार वर्षांनी त्याने थेट हाक मारली होती, मधे वहिनी नाही आणि काच नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला हाताशी कालचा पेपरही नव्हता.

"कायले बसला?" गुणवंत म्हणाला. "पट्टी आन इकडं. दिवस जाऊन राह्यला."

"आनतो ना बापा," अजाबराव म्हणाले, आणि उठले.

यानंतर काम कसं झालं, ते सांगण्यासारखं नाही, कारण ते नीट झालं. काच खाली असताना खाच मोकळी होती. साबणाचं पाणी लावून पट्टी त्यात अशी गेली, की दोघांनाही स्वतःची लाज वाटली. दोन पट्ट्यांच्या जोडावर बसणारी छोटी टोपी गुणवंताने दाताने जरा वाकवून सरळ केली. दात सांभाळ, असं अजाबराव म्हणाले. तू पट्टी सांभाळ, असं गुणवंत म्हणाला. बडबड सुरू झाली होती. सोयाबीनवरच्या अळीची, टपरीवाल्याच्या पातळ होत चाललेल्या चहाची, कुणाच्या तरी पोराच्या लग्नाची. वाटणीचं कोणी काढलं नाही. नाडा परत खाचेत गेला, काच परत उचलली गेली, आणि या वेळी तळवे पुसायची आठवणही अजाबरावांना झाली नाही.

"हळू वढ, गुन्या."

"वढून राह्यलो ना हळूच. तू कोपरा दाब. तिकडचा नाई बे, इकडचा!"

थोरल्या भावाला बे म्हटलं, हे विमलताईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. शेवटचा नाडा निघाला तेव्हा उन्हं कौलावर गेली होती. काच बसली. तिच्याभोवती पट्टी चमकत होती, आणि गाडी कुठे लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. या वेळचा सुस्कारा तिघांचा होता.

"पानी टाकून पाहा लागन," गुणवंत म्हणाला. "कुठून गळते का ते."

अजाबराव आत ड्रायव्हरच्या बाजूला बसले. गुणवंताने विहिरीवरची मोटार चालू करून पाइप आणला आणि काचेवर पाण्याचा फवारा सोडला. वरच्या कडेवर, मग जोडावर, मग दोन्ही खालच्या कोपऱ्यांवर. आत अजाबराव बोटाने रबराची कड चाचपत गेले. वर कोरडी. जोडाखाली कोरडी. कोपरे कोरडे ठणठणीत. एक थेंब नव्हता. त्यांना हायसं वाटलं, इतकं की सीटवर अंग टाकून द्यावंसं वाटलं. काचेवरून पाणी वाहत होतं आणि त्यापलीकडे गुणवंत पाइप धरून उभा होता, अस्पष्ट.

"गळते का?" तो बाहेरून ओरडला.

अजाबराव उत्तर द्यायला तोंड उघडून थांबले. नाही म्हटलं, की काम संपलं. पाइप गुंडाळला जाईल, गोधडी झटकली जाईल, बैल जुंपले जातील. आज दुपारी त्याला निमित्त होतं. आता काच गाडीत बसली. कोठ्यात काही उरलं नाही. उद्या घरी ये, असं म्हणता आलं असतं. पोळ्याला भावाला बोलावणं यात अवघड काय? पण ते अजाबरावांना म्हणता येईना, कारण त्याच्या आधी दुसरे शब्द म्हणायला हवे होते, आणि ते चार वर्षांपूर्वीचे होते.

"भाऊ! गळते का म्हनलं?"

"गळते," अजाबराव म्हणाले. "थोडं थोडं गळते."

गुणवंताने पाइप टाकला आणि आत येऊन शेजारच्या सीटवर बसला. त्याने हात पुढे करून वरच्या कडेवरून फिरवला. जोडाखालून फिरवला. वाकून खालचा कोपरा चाचपला, मग भावाच्या मांडीवरून ओणवा होऊन दुसराही. बोटं डोळ्यांसमोर धरली. बोटं कोरडी होती. 

त्याने अजाबरावांकडे पाहिलं. अजाबराव समोर काचेतून बाहेर पाहत होते, जणू गाडी रस्त्यावर आहे आणि समोरून काहीतरी येतं आहे. त्यांचे कान लाल झाले होते.

गुणवंताने ती कोरडी बोटं धोतराला पुसली.

"लय गळते," तो म्हणाला. "उद्या पाहा लागन."

"उद्या येजो," अजाबराव म्हणाले, अजून समोरच पाहत. "आन रुखमालेही आनजो. पानी टाकाले एक मानूस लागते."